इस्त्रीवालीकडचे तीन रविवार

मी कॉलरवाली. म्हैसूरजवळ बेळगोळला ज्या शर्टांच्या कारखान्यात मी जाते, तिथे बाईला नावापेक्षा कामानेच जास्त ओळखतात. कफवाली, बाहीवाली, काजवाली, इस्त्रीवाली. सात वर्षं मी तिथे फक्त कॉलरी शिवल्या. त्या लाइनवरून पुढे सरकत जायच्या आणि शर्ट पार दुसऱ्या टोकाला तयार व्हायचा. माझ्या कॉलरीचा शर्ट अंगावर घातल्यावर कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं आणि कुणी मला ते विचारलंही नव्हतं.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी शिंपी. अग्रहार भागात घर, घराच्या पुढच्या खोलीत यजमानांचं दुकान, आणि चार गल्ल्या सोडून आमच्या लोकांचं विठ्ठलाचं देऊळ. घरात मराठी बोलतो, पण ते ऐकून पुण्याचा माणूस दोनदा मान वळवून बघेल इतकं कन्नड त्यात मिसळलेलं. तयार कपड्यांपायी दुकान चालेनासं झालं तेव्हा मी कारखान्यात शिरले, पण मनातून हलले नाही. "मी काही कामगार नव्हे, टेलर आहे," असं मी जाईन तिथे ऐकवायची. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि त्या काळात तिथे अभिमानही येऊन बसला होता. दोघांना जागा पुरायची नाही.

माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती कॉलर जोडणारी. मंड्याकडची, तिशीतली, एकटीच्या पगारावर मुलीला शिकवणारी. आमचं बोलणं कन्नडमधूनच व्हायचं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. कारखान्यात युनियन काढायची कल्पना तिची आणि आणखी चौघीपाचजणींची. युनियन काही महिन्यांचीच होती, म्हणजे दात यायच्या आधीचं मूल. एके दुपारी तिनं डब्याच्या झाकणाखालून सभासदत्वाचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"आमच्या घराण्यात हातात कला आहे," मी म्हटलं. "युनियन वगैरे कामगारांना. सुम्मने, उगीच मला कशाला ओढतेस?"

तिनं भाताचा घास गिळला आणि शांतपणे विचारलं, "अक्का, अख्खा शर्ट शेवटचा कधी शिवलास?"

मला इतका राग आला की मी डबा अर्धा टाकून उठले. परतीच्या बसमध्ये मात्र बेळगोळपासून अग्रहारापर्यंत मी तोच हिशोब करत बसले आणि तो शर्ट मला आठवेना. दुसऱ्या दिवशी कामाची घंटा व्हायच्या आधी मी तिच्याकडून फॉर्म मागून घेतला. सही केली, तीही झोकात, वळण देऊन. ती हसली नाही हे तिचे उपकार.

तेव्हा आम्ही सगळ्या मिळून दोन डझनही नव्हतो. आमच्या मागण्या काही आभाळातल्या नव्हत्या. लघवीला जायला अख्ख्या लाइनला मिळून एकच पास असायचा, तो वाढवा. तासाचं टार्गेट फळ्यावर लिहिता तर ते चुकल्यावर शिव्या देऊ नका. एवढंच.

मग तो दिवस आला. एक हेल्पर मुलगी बंडल उशिरा घेऊन आली म्हणून सुपरवायझरनं ते कापडांचं बंडल तिच्या तोंडावर फेकलं. माझ्या शेजारचं मशीन थांबलं. कॉलर जोडणारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ते उचला आणि तिच्या हातात द्या." तिचं काम अडलं की माझ्या कॉलरींचा ढीग वाढतो. त्या दिवशी तो गुडघ्याएवढा झाला आणि सुपरवायझर काही वाकला नाही. संध्याकाळी तिला निलंबनाचं पत्र मिळालं. काम बंद पाडलं, असं त्यात लिहिलं होतं.

प्रकरण लेबर ऑफिसात गेलं. तिथे कंपनीच्या माणसानं सांगितलं की युनियन वगैरे काही नाहीच, ही एक भांडखोर बाई आणि तिच्या दोनचार मैत्रिणी. अधिकारी जुना, कमी बोलणारा. तो आम्हाला म्हणाला, "युनियन आहे म्हणता, तर पुढच्या तारखेला सभासदांची यादी आणा, सह्यांसकट. ती कंपनीलाही दाखवावी लागेल."

खरी मेख तीच होती. गुपचूप सभासद होणं वेगळं आणि मालकाच्या डोळ्यांसमोर नाव ठेवणं वेगळं. यादी भरली तर तिची नोकरी वाचण्याची आशा होती. नाही भरली तर ती गेलीच, आणि बरोबर मुलीची शाळाही. त्या दिवशी लेबर ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी तिला म्हटलं, "यादी मी भरून आणते." कुणी सांगितलं होतं मला? कुणीही नाही. तोंड माझं, शब्दही माझाच, आता निस्तरायचंही मलाच होतं.

आणि मी सुरुवातीलाच माती खाल्ली.

आमच्या लोकांना कसलंही काम काढायचं असलं की आधी देऊळ आठवतं. लग्न ठरवायचं, वर्गणी काढायची, भांडण मिटवायचं, सगळं देवळाच्या मागच्या हॉलमध्ये. मीही तेच केलं. एकादशी बघून मीटिंग ठेवली, म्हणजे आमच्या बायका तशाही येणारच. साबुदाण्याची खिचडी केली. कारखान्यातल्या आमच्या झाडून सगळ्या बायका आल्या, भजन झालं, मग मी बोलले, मग सह्या झाल्या. मी खुशीत होते. इतरांनाही निरोप होता, पण त्यांच्यातल्या फार थोड्या आल्या. त्यांतली एक इस्त्री विभागातली होती, केआरएस धरणाच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून दोन बस बदलून आलेली. ती दाराबाहेर उभी होती.

"आत ये की," मी हॉलमधूनच ओरडले.

"इथूनच ऐकते, अक्का," ती म्हणाली.

मी हाताने बरं म्हटलं आणि खिचडी वाढायला वळले. पुन्हा बाहेर पाहिलं तेव्हा ती गेली होती.

दोन दिवसांत फ्लोअर इन्चार्जला यादीचा सुगावा लागला. तो लाइनलाइनवर हसत सांगत फिरला, "युनियन कसली, हे तर मराठ्यांचं भजनी मंडळ!" आणि कागद बघणाऱ्याला ते खरंच वाटलं असतं. जवळजवळ सगळी नावं आमची, अग्रहार आणि चामराजपुरमची. संध्याकाळी मी ती यादी कॉलर जोडणारीला नेऊन दाखवली. ती निलंबित झाल्यापासून गेटसमोरच्या चहाच्या गाडीपाशी आमची वाट बघत बसायची. तिनं यादी वाचली, घडी घातली आणि परत दिली. "ही घेऊन गेले तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. तिनं तो चढवलाच नाही.

मी घरी आले ती फणफणत. यजमान काज करत होते. त्यांना सगळं सांगितलं, इन्चार्जला दहा शिव्या दिल्या. ते मान वर न करता म्हणाले, "ती बाई दारात का थांबली, ते विचारलंस काय?"

नव्हतं विचारलं. विचारायची गरजही नव्हती, कारण मला ते माहीत होतं. तिच्या गल्लीतल्या, तिच्या जातीच्या लोकांना आमच्या देवळात यायला कुणी मनाई केली नव्हती, आणि इतक्या वर्षांत कुणी एकदाही आत या म्हटलं नव्हतं. मी म्हटलं खरं, पण हातात खिचडीचा डाव घेऊन, लांबून. दारापर्यंत चार पावलं मी गेले नाही. याची मला लाज वाटली आणि अजूनही वाटते.

रविवारी मी तिच्या गावी गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून टेप आणि वही पिशवीत टाकली. ब्लाउज शिवते, माप घ्यायला आले, एवढं निमित्त पुरे होतं. तिनं मला ओट्यावर बसवलं. "नीर?" असं विचारून स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली. मी सगळं प्यायले. तिनं पेला घेतला, पण जागची हलली नाही.

"ब्लाउज शिवून हवाय का कुणाला?" मी विचारलं.

"मलाच हवाय," ती म्हणाली.

माप घेताना मी बायकांना आयुष्यभर पाहिलंय. हात वर, पाठ ताठ, अंगाभोवती टेप, आणि दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर. अशा वेळी बाई गप्प राहू शकत नाही आणि तिला खोटंही बोलता येत नाही. मुंढ्याचं माप घ्यायला मी तिचा उजवा हात उचलला तशी ती कळवळली. मग बोलायला लागली. दिवसभर उभं राहून वाफेची इस्त्री ओढायची, खांदा गेलेला, रजा मागितली तर दुसरी बाई उभी करू म्हणतात. मी ऐकलं आणि पिशवीतून फॉर्म काढला.

"आधी ब्लाउज होऊ दे," ती म्हणाली.

घरी येऊन मी यजमानांना सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. "आता ब्लाउज शिवून युनियन वाढवणार? मग शेरवानीवर सरकार पाडाल!" पण कापड त्यांनीच कापलं, आणि उजव्या मुंढ्याला अर्धा इंच जास्त ठेवला, हात सहज वर जावा म्हणून. ते मला सुचलं नव्हतं. शिलाई नेहमीचीच घ्यायची हे मात्र मी बजावलं, कारण कॉलर जोडणारीनं मला दम भरला होता की ब्लाउजच्या लोभानं आलेली बाई दुसऱ्या कुणाच्या साडीनं निघून जाईल.

दुसऱ्या रविवारी ब्लाउज तिला चपखल बसला. ते बघून शेजारच्या चौघी माप द्यायला उभ्या राहिल्या. चौघीही आमच्याच कारखान्यातल्या, पॅकिंगच्या आणि धागे कापणाऱ्या. एकेकीचा हात वर करत मी एकेकीची गोष्ट ऐकली. इस्त्रीवाली तेवढी सही करेना. निघताना तिनं विचारलं, "देवळात पुन्हा मीटिंग कधी?"

"देवळात नाही. तुम्ही सांगाल तिथे."

"बघू," ती म्हणाली. बसमध्ये मी तिला मनातल्या मनात बरंच काही बोलले. एवढी काय मोठी लागून गेली, वगैरे. तारखेला आता थोडेच आठवडे उरले होते.

तिसऱ्या रविवारी मी जायचं नाही असं सकाळी ठरवलं होतं. यजमानांनी चार ब्लाउज घड्या घालून पिशवीत भरून ठेवलेले, म्हणून गेले. या वेळी ओटा नाही. तिनं मला सरळ आत नेलं. खोलीत पंधरा-वीस बायका जमिनीवर दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि चुलीपाशी भात नि सारू तयार होतं. "आधी ऊटा," ती म्हणाली. मी त्यांच्यात बसून जेवले. जेवण झाल्यावर सगळ्यांच्या देखत तिनं मला विचारलं, "त्या दिवशी मी दारात उभी होते. तू दारापर्यंत का आली नाहीस?"

इतके दिवस ती मला तुम्ही म्हणत होती. मला उत्तरं दहा सुचली. खिचडी वाढत होते, गर्दी होती, बोलावलं तर होतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला उत्तरांचा तोटा नाही. पण त्या खोलीत मी त्यातलं एकही वापरलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

मग तिनं फॉर्म मागितला आणि सही केली, आणि कागद शेजारणीकडे दिला.

तिथून पुढचे आठवडे मी आयुष्यात कधी विसरणार नाही. संध्याकाळी मी आमच्या बसमध्ये न बसता खेड्यांकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसायची, आज या रस्त्याची, उद्या त्या. परत यायला सरकारी बस. इस्त्रीवाली कधी बरोबर असायची, कधी पुढच्या गावातल्या कुणाचं तरी घर सांगून ठेवायची. मुसलमान बायकांच्या घरी, ख्रिस्ती बायकांच्या घरी, भाड्याच्या एकेका खोलीत सहासहा जणी राहणाऱ्या मुलींकडे. माझा टेप झिजून आकडे पुसट झाले. यजमान दुकानाचं काम बाजूला सारून ब्लाउज कापत होते आणि गिऱ्हाइकांना सांगत होते, "थांबा की, युनियनचं काम आहे." ते ऐकून मला हसूही यायचं आणि ऊरही भरून यायचा. एका हातात कॉलर आणि एका हातात यादी घेऊन मी जितकी कामाची होते तितकी कधीच नव्हते.

तारखेच्या दिवशी आम्ही यादी अधिकाऱ्यासमोर ठेवली. निम्म्याहून जास्त कारखाना तिच्यात होता. कंपनीच्या माणसानं पानं उलटली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "साहेब, ही बाई गावोगाव ब्लाउज वाटत फिरली. या सह्या ब्लाउजच्या मोबदल्यात घेतल्यात."

माझं डोकं फिरलं. मी उठले, तर कॉलर जोडणारीनं माझा पदर धरून खाली बसवलं. अधिकारी म्हणाला, "सही करणाऱ्यांपैकी कुणी आलंय का? त्यांनाच विचारतो."

आल्या होत्या. कामाचा दिवस, एका दिवसाचा पगार गेला, शिवाय कोण कोण गैरहजर हे इन्चार्ज लिहून ठेवणार, तरी आल्या होत्या. जिन्यापासून खाली रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. त्यांतून इस्त्रीवाली वर आली. या वेळी ती दारात थांबली नाही, टेबलापर्यंत गेली.

"या बाईंनी तुमच्याकडून सही करून घेतली?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"ही काय करून घेणार?" ती म्हणाली. "ब्लाउजची शिलाई मी मोजून दिली. सहीसाठी हिला मीच तीन रविवार थांबवलं. पहिल्यांदा सगळेच येतात, साहेब. मला बघायचं होतं, ही परत येते का."

मी यादी भरत होते असं मी समजत होते, आणि ती मला पारखत होती. आणि तिकडे तिसऱ्या रविवारी सकाळी मी जायचंच नाही ठरवलं होतं, चार ब्लाउजांनी मला तिथे नेलं. हे तिला मी नंतर सांगितलं, पण त्या क्षणी टेबलापाशी मला तिच्याकडे बघवेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. आमची युनियन खरंच होती. ती तिथे उभी होती, उजवा खांदा दुखणारी.

अधिकाऱ्यानं आणखी पाच-सहा जणींना विचारलं. मग फाइल बंद करून तो कंपनीच्या माणसाला म्हणाला, युनियन आहे हे मला दिसतंय, आता निलंबनाचं बोला. बोलणी दुपारभर चालली. लिहून झालं तेव्हा त्यात होतं की कॉलर जोडणारीला उद्यापासून तिच्या त्याच मशीनवर परत घ्यावं. पासचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्यासाठी आम्ही अजून भांडतोच आहोत.

जिना उतरताना बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, कुणी तिचा हात दाबत होती, कुणी नुसतीच रडत होती. कॉलर जोडणारी त्या सगळ्यांतून वाट काढत माझ्याजवळ आली. चार वर्षं ती रोज माझ्याबरोबर तीच बस पकडत आली होती. तरी तिनं मला विचारलं, "उद्या बस किती वाजता, अक्का?"

"सात दहाला," मी म्हटलं.